वंशावळीचा कागद आणि खुब्याचा सांधा

जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर किंवा ग्रेट डेन अशा थोराड जातीचे पिल्लू घरी आणायचे ठरले की दोन प्रश्न पुढे येतात. पिल्लू कोणाकडून घ्यायचे, आणि त्याच्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? ब्रीडर, म्हणजे पैदासकार, सहसा एक छापील कागद दाखवतो. त्यावर पिल्लाचे आईबाप, आजी-आजोबा, पणजोबा यांची नावे असतात. बोलताना याला ‘पेपर’ म्हणतात आणि पेपरवाले पिल्लू बिनपेपरच्या पिल्लापेक्षा महाग पडते. पिल्लू घरी येते, भराभर वाढते. सात-आठ महिन्यांचे झाले की कधी कधी असे लक्षात येते की ते जिना चढायला नाखूश आहे, बसल्या जागेवरून उठताना कष्टी होते, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते. पशुवैद्य क्ष-किरण चित्र काढतात आणि खुब्याच्या सांध्याची वाढ सदोष झाल्याचे सांगतात. तोपर्यंत घरातल्या मुलांचा त्याच्यावर जीव जडलेला असतो. कागदावरची सगळी नावे खरी असतात आणि तरीही कुत्रे लंगडत असते.

हे कोडे उलगडायचे तर हा कागद जन्माला कसा आला, तो कशाची हमी देत होता आणि कशाची देत नव्हता, हे पाहावे लागेल. ही हकीकत कुत्र्यांची आहे. तशीच ती नोंदी ठेवण्याच्या आणि नोंदी लपवण्याच्या सवयींचीही आहे. म्हणूनच ती विज्ञान शिकवणाऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे असे आम्हांला वाटते.

बक्षीस बंदुकीचे

माणूस कुत्र्यांची पैदास हजारो वर्षे करीत आला आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुत्र्याची ओळख मुख्यतः त्याच्या कामावरून होत असे. मेंढरे वळणारा, शिकारीचा माग काढणारा, वाड्याची राखण करणारा, सशामागे धावणारा. चांगला मेंढपाळी कुत्रा कोणता, तर जो मेंढरे नीट वळतो तो. त्याच्या पोटची पिल्ले मागून नेली जात. पाय अधू असलेला कुत्रा दिवसभर डोंगर चढूच शकत नसे, त्यामुळे त्याची पिल्ले कोणी मागत नसे. परीक्षा रोजची होती आणि तिच्यात शरीराचीही तपासणी आपोआप होऊन जाई.

२८ आणि २९ जून १८५९ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन येथे एक वेगळीच परीक्षा झाली. कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन म्हणून ते ओळखले जाते. पॉइंटर आणि सेटर अशा दोनच जातींना प्रवेश होता आणि एकूण साठ कुत्री आली होती. बक्षीस होते बंदुकीचे. गंमत अशी, की पॉइंटर गटाच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला सेटर गटात बक्षीस मिळाले आणि सेटर गटाच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला पॉइंटर गटात! निवाडा प्रामाणिकपणे झालाही असेल. पण विश्वास कोणावर आणि का ठेवायचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला होता, एवढे खरे.

रेल्वेमुळे दूरदूरची कुत्री प्रदर्शनात आणणे सोपे झाले, शहरी मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आणि प्रदर्शने वाढत गेली. एकाच नावाची डझनभर कुत्री, हरवलेले आईबाप, खोटे दावे असा गोंधळही वाढला. तो निस्तरण्यासाठी ४ एप्रिल १८७३ रोजी लंडनमध्ये सेवॅलिस शर्ली आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांनी केनेल क्लबची स्थापना केली. १८७४ साली क्लबची पहिली वंशनोंदवही छापून निघाली. तिच्यात ४० जातींच्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती आणि १८५९ ते १८७३ या काळातील प्रदर्शनांचे निकाल होते. आपल्या हातातल्या ‘पेपर’चा उगम इथे आहे.

या वहीचे महत्त्व कमी लेखू नये. नोंदीशिवाय पैदाशीचा अभ्यास होऊच शकत नाही. पण वहीत काय लिहिले जात होते? नाव, मालक, आईबाप आणि बक्षिसे. कुत्रे किती वर्षे जगले, कशाने मेले, त्याच्या भावंडांपैकी किती लंगडी निघाली यासाठी वहीत रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही ते हळूहळू कोणाच्या लक्षातही राहत नाही. पूर्वी मेंढरांमागे होणारी रोजची परीक्षा संपली आणि तिच्या जागी आली ती रिंगणातली काही मिनिटांची परीक्षा, बाह्यरूपाची.

घोडदळातल्या कॅप्टनचा कुत्रा

हा धोका काही जणांनी लवकर ओळखला होता. जर्मनीच्या घोडदळातील एक अधिकारी मॅक्स फॉन श्टेफानित्झ यांना १८९९ साली कार्ल्सरूह येथील प्रदर्शनात लांडग्यासारखा दिसणारा, चपळ मेंढपाळी कुत्रा दिसला. त्यांनी तो तिथेच विकत घेतला, त्याचे नाव बदलून ‘होरांड फॉन ग्राफ्राथ’ ठेवले आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संघटना स्थापन केली. तिच्या नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा आहे. आज जगातला प्रत्येक जर्मन शेफर्ड वंशावळीने त्याच्यापर्यंत पोचतो. आपल्याकडे या जातीला अजूनही अनेक जण अल्सेशियन म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना जर्मन हा शब्द नकोसा झाला होता म्हणून त्यांनी हे दुसरे नाव दिले. केनेल क्लबने मूळ नावाला पुन्हा मान्यता दिली ती १९७७ साली.

श्टेफानित्झ यांचा आग्रह होता की कुत्र्याने काम केले पाहिजे. मेंढरांचे काम कमी होऊ लागले तेव्हा त्यांनी पोलीस आणि सैन्य यांच्याकडे या जातीसाठी नवे काम शोधले. १९२०च्या दशकात त्यांच्या संघटनेने पैदाशीसाठी निवडायच्या कुत्र्यांची शारीरिक आणि स्वभावाची पाहणी सुरू केली. कुत्र्याचे गुण लिहायचे तसे दोषही लिहायचे आणि ते छापायचे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. म्हणजे बक्षिसांच्या रकान्याशेजारी दोषांचा रकाना आला.

पण डोळ्यांनी दिसणारेच दोष डोळ्यांनी टिपता येतात. शिवाय जातीची घडण करताना होरांड आणि त्याच्या वंशजांचा जवळच्या नात्यांत पुन्हा पुन्हा वापर झाला होता. एका गाजलेल्या वळूचे वासरू सगळ्यांनाच हवे असते, तसेच इथेही झाले. त्या नराच्या चांगल्या गुणांबरोबर त्याच्या लपलेल्या दोषांच्याही शेकडो प्रती निघाल्या.

उखळी आणि गोळा

आता थोडे शरीराकडे वळू. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातल्या खळग्यात बसतो आणि पाय सर्व दिशांना फिरवता येतो. माथा खळग्यात घट्ट बसला तर वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटले जाते. सांधा सैल असेल तर चालताना माथा खळग्याच्या कडेवर आदळतो. कड झिजते, खळगा उथळ होतो, कूर्चा खरवडली जाते आणि शेवटी संधिवात जडतो. या विकाराला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. बॉस्टनचे पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३०च्या दशकात क्ष-किरण चित्रांच्या आधारे कुत्र्यांतील या विकाराचे वर्णन केले. पुढे क्ष-किरण यंत्रे पशुवैद्यांकडे सर्रास आली तेव्हा अनेक थोराड जातींत तो किती पसरला आहे हे उघड झाले.

यातली चकवणारी गोष्ट अशी की पिल्लू जन्मते तेव्हा त्याचा सांधा बहुधा ठीक असतो. बिघाड होतो तो वाढीच्या महिन्यांत. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे असते आणि वर्षभरात त्याचे वजन साठ-सत्तर पट होते. माणसाचे मूल तीन किलोंचे साठ किलो, म्हणजे वीसपट, व्हायला सोळा-अठरा वर्षे घेते. हाडे, स्नायू आणि अस्थिबंध यांची वाढ जुळून येण्यासाठी मोठ्या कुत्र्याला किती थोडा अवधी मिळतो ते यावरून कळेल. म्हणून दोन महिन्यांचे पिल्लू पाहून, त्याला उचलून, त्याचे पाय ताणून त्याच्या खुब्याचे भविष्य सांगता येत नाही. जो पैदासकार तसे सांगतो त्याला एक तर ठाऊक नाही किंवा तो सांगू इच्छित नाही.

मग आईबाप पाहून सांगता येईल का? काही अंशी. हा विकार एखाद्या एकाच जनुकाचा नाही. मेंडेलच्या वाटाण्यासारखे इथे तीनास एक असे सुटसुटीत प्रमाण मिळत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यावर पोषण, वजन, व्यायाम यांचा परिणाम होतो. वेगवेगळ्या पाहण्यांत कुत्र्या-कुत्र्यांमधील फरकांतला आनुवंशिक वाटा साधारण २० ते ६० टक्के आढळला आहे. यामुळे उत्तम खुब्याच्या जोडीलाही एखादे सदोष पिल्लू होते, आणि सदोष जोडीची काही पिल्ले चांगली निघतात. एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही. पुष्कळ कुत्र्यांच्या नोंदी लागतात.

हजर कोण आणि गैरहजर कोण?

अशा नोंदींची सुरुवात १९६०च्या दशकात झाली. ब्रिटनमध्ये पशुवैद्यक संघटना आणि केनेल क्लब यांनी १९६५ साली खुब्याच्या तपासणीची योजना काढली. पुढे त्या योजनेत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देण्याची पद्धत आली. दोन्हींची बेरीज ० ते १०६, आणि इथे गुण जितके कमी तितका सांधा चांगला. अमेरिकेत उद्योगपती जॉन ऑलिन यांच्या शिकारी लॅब्रॅडॉर कुत्र्यांना या विकाराने ग्रासले होते. त्यांच्या पुढाकाराने १९६६ साली प्राण्यांच्या अस्थिविकारांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. कुत्रे दोन वर्षांचे झाले की क्ष-किरण चित्र प्रतिष्ठानाकडे पाठवायचे, तीन तज्ज्ञ ते स्वतंत्रपणे पाहणार आणि श्रेणी देणार. पैदासकाराच्या शब्दाऐवजी त्रयस्थाचा निर्णय मिळू लागला. ही फार मोठी प्रगती होती.

पण एक भोक राहिले. चित्र काढायचे स्थानिक पशुवैद्याने, आणि ते पुढे पाठवायचे की नाही हे ठरवायचे मालकाने. चित्रात सांधा वाईट दिसला तर फी भरून वाईट श्रेणी कोण विकत घेणार? शिवाय चांगला निकाल प्रसिद्ध होई, पण वाईट निकाल प्रसिद्ध करायला मालकाची वेगळी संमती लागे.

याचा परिणाम किती होतो? २००५ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी गोल्डन रिट्रीव्हर आणि रॉटवायलर यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य दिसणारी चित्रे प्रतिष्ठानाकडे पाठवली जाण्याची शक्यता सदोष चित्रांच्या सुमारे आठपट होती, असे त्यांना आढळले. आपण एक सोपे गणित करू. समजा १०० कुत्री आहेत, त्यांपैकी ६० चांगली आणि ४० सदोष. चांगल्यांची सगळी चित्रे पाठवली, सदोष कुत्र्यांपैकी आठातल्या एकाचेच पाठवले. म्हणजे ६० अधिक ५, अशी ६५ चित्रे पोचली. त्यांत सदोष किती? ६५ पैकी ५, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी. प्रत्यक्षात ४० टक्के असलेला विकार नोंदवहीत आठ टक्क्यांचा झाला, आणि या सगळ्यात एकानेही खोटे लिहिलेले नाही!

शिकवणीच्या वर्गांच्या जाहिराती आपण पाहतोच. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फोटो असतात, नापास झालेल्यांची संख्या नसते. फोटो खरे, गुणही खरे. तरी त्यावरून त्या वर्गाचा निकाल कळत नाही. भिंतीवर विजेत्या कुत्र्यांचे चषक मांडणारा पैदासकार यापेक्षा वेगळे काही करीत नसतो.

स्वीडनची उघडी वही

हे भोक बुजवता येते हे स्वीडनमध्ये दिसून आले. तिथल्या लष्करी श्वान प्रशिक्षण केंद्रात जर्मन शेफर्डची पैदास होत असे. केंद्राला कामाचे कुत्रे हवे होते आणि लंगडा कुत्रा म्हणजे वाया गेलेला खर्च, त्यामुळे सरसकट सगळ्या पिल्लांचे खुबे तपासले जात. ओके हेडहामार आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली अशा ४०१ वेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका वेतातली सगळी पिल्ले विचारात घेतल्यामुळे आईबापांच्या खुब्यांचा पिल्लांच्या खुब्यांशी असलेला संबंध स्वच्छ दिसला. आनुवंशिक वाटा ४० ते ५० टक्के निघाला. याच सुमारास स्वीडिश केनेल क्लबने खुब्यांचे निकाल वंशावळीशी जोडून सर्वांसाठी खुले केले. निकाल चांगला असो वा वाईट, तो कुत्र्याच्या नावापुढे लागणार. पिल्लू घेणारा माणूस आता पैदासकाराच्या दारात जाण्याआधीच त्याची वही वाचू शकत होता. मोठ्या जातींत गंभीर विकाराचे प्रमाण तिथे पुढच्या वर्षांत घटले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सीचे. अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्वतःच कुत्र्यांची पैदास करते. तिथेही प्रत्येक कुत्रा तपासला जातो आणि नातलगांच्या नोंदी एकत्र पाहून पुढची जोडी ठरते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पाचांहून कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डमधील विकाराचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्रॅडॉरमधील ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

इथे एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. एका कुत्रीचा खुबा उत्तम आहे, पण तिच्या सात भावंडांपैकी पाच लंगडी आहेत. दुसरीचा खुबा बेताचा आहे, पण तिची सातही भावंडे निरोगी आहेत. पैदाशीसाठी कोण निवडाल? पहिली कुत्री प्रदर्शनात जिंकेल. पण तिच्या पिल्लांबद्दल तिची भावंडे जे सांगतात ते तिचा एकटीचा क्ष-किरण सांगत नाही. दूध देणाऱ्या गाईंच्या पैदाशीत वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करतात, त्यामागचे तत्त्व हेच. वळू स्वतः कुठे दूध देतो!

नोंदींना उशीर होतो ही अडचण राहिलीच. दोन वर्षे थांबेपर्यंत कुत्रीला वेत झालेले असते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील गेल स्मिथ यांनी १९८३पासून सांध्याचा सैलपणा मोजण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे अवघ्या सोळा आठवड्यांच्या पिल्लाबद्दलही अंदाज बांधता येऊ लागला.

ताटातला वाटा

आनुवंशिक वाटा निम्मा धरला, तर उरलेला निम्मा कशाचा? इथे मोठ्या कुत्र्यांच्या मालकांचा एक आवडता समज अडचणीत येतो. मोठे हाड व्हायचे तर भरपूर खाऊ घाला आणि वरून कॅल्शियम द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. १९७४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग झाला. काहींना हवे तेवढे खाऊ दिले, काहींना मापून. भरपूर खाणारी पिल्ले भराभर वाढली आणि त्यांच्या हाडांचे विकारही वाढले. १९८५ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हर्मन हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाढत्या ग्रेट डेनना जादा कॅल्शियम दिल्यास हाडांची वाढ बिघडते. लहान पिल्लाचे आतडे जादा कॅल्शियम पुरेसे अडवू शकत नाही.

१९९२ साली ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. भावंडांच्या जोड्या लावून एकाला त्याच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्या गटात खुब्याचा विकार स्पष्टपणे कमी आढळला. ही कुत्री शेवटपर्यंत पाहिली गेली आणि २००२ साली असे प्रसिद्ध झाले की कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली. भावंडांची जोडी लावल्यामुळे आनुवंशिकतेचा फरक कमी होतो आणि अन्नाचा परिणाम वेगळा दिसतो. प्रयोगाची आखणी कशी असावी याचा हा उत्तम धडा आहे.

म्हणजे लंगड्या पिल्लाचा सगळा दोष पैदासकाराच्या माथी मारणेही बरोबर नाही. पण चांगला पैदासकार पिल्लू देताना त्याला काय आणि किती घालायचे हे सांगतो, आणि बाळसेदार पिल्लाचे कौतुक करीत नाही.

बंद दरवाजा

जातीची नोंदवही एकदा बंद केली, म्हणजे नोंदलेल्या आईबापांचीच पिल्ले नोंदायची असे ठरवले, की बाहेरचे रक्त आत येत नाही. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी केनेल क्लबच्या नोंदींवरून दहा जातींच्या वंशावळी तपासल्या. सात जातींत सहा पिढ्यांमध्ये एकमेवाद्वितीय जनुकीय प्रकारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाले होते. आठ जातींत हजारो कुत्री असूनही आंतरप्रजननाच्या हिशोबाने त्यांची परिणामकारक संख्या ४० ते ८० एवढीच होती. मोठे गाव, पण सगळे एकाच वाड्यातले, तशी ही स्थिती.

दरवाजा उघडणे किती अवघड असते ते डालमेशियनच्या गोष्टीवरून कळते. या जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असे आणि त्यातून मुतखडे होत. जातीच्या आत निरोगी जनुक उरलेच नव्हते. अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली एका पॉइंटरशी संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा डालमेशियनशी जुळवली. दर पिढीला पॉइंटरचा वाटा निम्मा होतो, म्हणजे पाचव्या पिढीत तो बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. कुत्री दिसायला डालमेशियन आणि लघवी निर्दोष! १९८१ साली त्यांतल्या दोघांची नोंद झाली, पण जातीच्या अनेक चाहत्यांनी शुद्धतेच्या नावाने विरोध केला आणि पुढच्या नोंदी थांबल्या. २००८ साली जबाबदार जनुक सापडले; अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला मान्यता दिली ती २०११ साली. मधल्या तीस वर्षांत किती कुत्र्यांना मुतखड्याच्या वेदना झाल्या असतील! ‘शुद्ध’ या शब्दाची किंमत कोण मोजते, असा प्रश्न इथे पडतो.

२००८ सालीच बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांच्या आजारांवर माहितीपट दाखवला आणि मोठे वादळ उठले. मार्च २००९पासून केनेल क्लबने आईबाप आणि अपत्य, तसेच सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली. म्हणजे पहिल्या वहीनंतर १३५ वर्षांनी. याच संदर्भात ग्रेहाउंडचे उदाहरण लक्षात ठेवावे. तोही मोठा कुत्रा, पण धावण्याच्या कसोटीवर निवडलेला. त्याच्यात खुब्याचा विकार क्वचितच दिसतो. नुसता मोठा आकार हा लंगडेपणाचा शाप नव्हे. आपण कशासाठी निवड करतो हे महत्त्वाचे.

मग पैदासकार कसा ओळखावा?

आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, नोंदी ठेवायच्या असतात आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागणे हा आपला हक्क आहे. पण ही झाली पहिली पायरी. पुढचे प्रश्न वरच्या इतिहासातूनच मिळतात.

पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवता का, आणि ती राहते ती जागाही? आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे कोणी तपासली, त्या वेळी त्यांचे वय काय होते? याच जोडीची आधीची पिल्ले आज कशी आहेत, त्यांच्या मालकांशी बोलता येईल का? आईबापांचे एकमेकांशी नाते काय? आजी-आजोबा किती वर्षे जगले? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: तुमच्याकडच्या कोणत्या पिल्लांना विकार झाला आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले? इतकी वर्षे पैदास करून ‘आमच्याकडे एकही बिघडले नाही’ असे जो म्हणतो, त्याने एक तर पाहिलेले नाही किंवा तो सांगत नाही. जो दोन नावे सांगतो आणि ती जोडी पुन्हा लावली नाही असे म्हणतो, त्याच्याकडून पिल्लू घ्यावे. तो उलट आपल्यालाही प्रश्न विचारील: घर कितव्या मजल्यावर, दिवसा घरी कोण असते, फिरवणार कोण? त्याचा राग मानू नये.

आपल्या भागातली कारवानी कुत्री, मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाणारी, शतकानुशतके धावण्याच्या कसोटीवर टिकून राहिली. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्यांच्या जतनासाठी प्रयत्न केले आणि आज कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे. अशा जातींच्या वह्या अजून फार जाड झालेल्या नाहीत. त्यांत आजार, आयुष्य आणि दोष यांचे रकाने आत्ताच आखले तर युरोपला दीडशे वर्षांत जे उशिरा सुचले ते इथे आधीच साधेल.

वर्गात करून पाहण्यासाठी

शंभर चिठ्ठ्या घ्या. साठांवर ‘चांगला’ आणि चाळीसांवर ‘सदोष’ लिहा. मुलांना त्या वाटा. ‘चांगला’ चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाने ती टेबलावर ठेवायची. ‘सदोष’ चिठ्ठी असलेल्याने नाणे तीन वेळा उडवायचे आणि तिन्ही वेळा छापा पडला तरच चिठ्ठी ठेवायची. ही शक्यता आठात एक. आता फक्त टेबलावरच्या चिठ्ठ्या मोजून विकाराचे प्रमाण काढा आणि खऱ्या प्रमाणाशी ताडून पाहा. मग मुलांना विचारा की अशी टेबले आणखी कुठे कुठे असतात. औषधांच्या जाहिराती, ज्योतिषांचे खरे ठरलेले होरे, शाळांचे निकाल, अशी उदाहरणे मुलेच शोधून काढतील. आलेली चिठ्ठी सगळेच वाचतात. न आलेल्या चिठ्ठ्या किती, हे विचारण्याची सवय एकदा लागली की ती पिल्लू निवडताना उपयोगी पडते आणि पुढे इतर अनेक ठिकाणीही.